हजेरी

येत्या शनिवारी दुसरी कार्यशाळा.
जागा बदलली आहे. शाळेने या वेळी कारण न देता नाही म्हटलं.
नाटकवाले म्हणाले, प्रयोग रात्री नऊला,
तोवर मंडपात बसा काय बसायचं ते.
तर मागे राजवाड्याचा पडदा असेल
आणि त्याच्या रंगवलेल्या खांबांवर
आमच्या वायरी.

पहिल्या वेळी करुणा रामटेके आली नागपूरहून एसटीने,
मांडीवर बुटाचं खोकं,
आत सहा जुने मोबाइल, एकातही सिम नाही.
पळसाचं पान मागितलं तिने. मग आणखी दोन.
चिठ्ठी एका पानात, ते दुसऱ्यात, दुसरं तिसऱ्यात,
काड्यांनी टोचून.
वरच्या पानावर लिहिलं: चक्कीवाला.
त्याने पान सोडलं, आत होतं: सोनाबाई उईके.
सोनाबाईने दुसरं सोडलं, पुढे दिलं.
ज्याच्या हातात शेवटी चिठ्ठी उघडली
त्याला ठाऊक नव्हतं पहिलं पान कुणी दुमडलं.
"एवढंच," करुणा म्हणाली, "बाकी गणित आहे, ते यंत्र करतं."
सोनाबाई म्हणाली, "एवढंच असन तं
हे आमाले लग्नाआधीपासून येते."

हसलो सगळे. पण त्याआधीचं सांगायला हवं.
खाणीच्या सुनावणीच्या आठवड्यात नेट गेलं. सहा दिवस.
माझं सेवा केंद्र, दारावर निळी पाटी,
आत मी आणि पडद्यावर गरगरणारं चाक.
रेशनचं यंत्र अंगठे ओळखेना.
लोक विचारत, कधी येईल? जणू साकोलीची गाडी.
सुनावणीची तारीख बदलली होती म्हणे,
बदलल्याचं पत्र नेटवर होतं.
कागदावर लिहिलं गेलं: ग्रामस्थांची हरकत नाही.
सातव्या दिवशी नेट आलं
आणि माझ्या मोबाइलवर एकदम
गुलाबाच्या फुलांचे एकशे चाळीस शुभप्रभात.

म्हणून बोलावलं करुणाला.
मध्ये टॉवर नाही, मोबाइलच मोबाइलला सांगतो:
शाळेतून टाकीपाशी, टाकीपासून चक्कीत.
बोडीच्या पाळीवर निरोप अडकला.
तिथे मोबाइल घेऊन माणूस उभा करावा लागतो.
यादोराव उभा राहिला, बकऱ्या सोडून.

अडचण आली ती वहीची.
संस्थेला हजेरीपट हवा होता:
नाव, गाव, मोबाइल, आधारचे शेवटचे चार अंक, सही.
आत नाव झाकायला शिकायचं
आणि दारात ते लिहून द्यायचं.
करुणा गप्प झाली. वही मिटून तिच्यावर बसली, खरंच बसली.
मी घरून गंज आणला आणि ओंजळभर लाखोळी.
येणाऱ्याने एक दाणा टाकायचा.
संध्याकाळी मोजले, एकतीस.
डोकी मी अठ्ठावीस मोजली होती.
कुणी दोनदा टाकला, की कुणी खिडकीबाहेर उभं होतं?
नाही शोधलं.

सोमवारी पोलीस पाटील आले, डोमाजी मांढरे.
"कोन कोन आलतं, तेवढं लिहून दे."
म्हटलं, हजेरी घरी आहे, गंजात. चला.
गंज चुलीवर होता.
सासूने त्यात पोत्यातली कुडवभर लाखोळी ओतून
घुगऱ्या लावल्या होत्या.
एकतीस त्यातच होते कुठेतरी.
पाटलांना वाटी दिली.
बराच वेळ खात बसले, एकेक दाणा,
वाचल्यासारखा.
"मीठ कमी हाय," म्हणाले सासूला.
उंबऱ्यात पुन्हा थांबले.
"शनवारी किती वाजता ठेवलं?"
मी सांगितलं, अकरा.
कशासाठी विचारलं, ते अजून कळलेलं नाही.

गंज घासून उपडा ठेवला आहे.
सासू ओसरीत सूप घेऊन बसली आहे,
किडके दाणे बाजूला टाकते.
"कोनी टाकला ते राहू दे," म्हणते,
"खडा नको यायले."